नीइहाऊ बेट कुणाचं?

आज आम्ही तुम्हाला एका लांबच्या बेटाची हकिगत सांगणार आहोत. तिथे आपल्यापैकी कुणी जाण्याची शक्यता फार थोडी. पैसे असले तरी तिथे मनाला येईल तेव्हा जाता येत नाही. तरीही ही हकिगत आपल्या कामाची आहे, कारण ती जमिनीवरच्या नावाची आहे, बायकांच्या हातच्या कामाची आहे आणि कुणाचं नाव लिहिलं जातं, कुणाचं राहून जातं, याची आहे.

पॅसिफिक महासागराच्या मधोमध हवाई नावाची बेटं आहेत. आज ती अमेरिकेचं एक राज्य आहेत. पूर्वी तिथे त्यांचं स्वतःचं राज्य होतं, राजे आणि राण्या होत्या. या बेटांपैकी एकाचं नाव नीइहाऊ. शेजारच्या काउआई बेटापासून ते साधारण २८ किलोमीटरवर आहे. क्षेत्रफळ सुमारे १८० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ४५ हजार एकर. एवढ्या मोठ्या बेटावर २०२० च्या जनगणनेत माणसं मोजली, ती अवघी ८४. गाव एकच, पूउवाई. त्यांच्या भाषेत पूउवाई म्हणजे काळीज.

बेट कोरडं आहे. काउआईचे उंच डोंगर पावसाचे ढग अडवतात आणि नीइहाऊ पावसाच्या सावलीत राहतं. सह्याद्रीच्या पूर्वेला राहणाऱ्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तिथली तळीसुद्धा पाऊस झाला तर भरतात, नाहीतर कोरडी पडतात. घरांना नळ नाहीत, पावसाचं पाणी साठवून वापरतात. डांबरी रस्ता नाही. लोक पायी, घोड्यावर किंवा सायकलवर फिरतात. शाळेला मात्र सूर्याच्या ऊर्जेवर वीज मिळते.

हे सगळं बेट एका कुटुंबाच्या खासगी मालकीचं आहे. बाहेरच्या माणसाला तिथे जायचं तर मालकाची परवानगी लागते किंवा गावातल्या कुणीतरी बोलावलेलं असावं लागतं. पाहुण्यांसाठी एक वाट आहे, ती हेलिकॉप्टरची. गावातलं कुणी अचानक आजारी पडलं तर दवाखान्यात नेण्यासाठी मालकांनी हेलिकॉप्टर घेतलं. त्याचा खर्च निघावा म्हणून १९८७ पासून पर्यटकांना अर्ध्या दिवसाची सहल मिळू लागली. काउआईहून हेलिकॉप्टर उडतं, बेटावरून चक्कर मारतं, पण गाव टाळतं. मग एखाद्या निर्जन किनाऱ्यावर उतरतं. पाहुण्यांनी पोहावं, वाळूत चालावं, बारीक शिंपले वेचावेत, वाळूवर पहुडलेले सील लांबून पाहावेत, जेवावं आणि परतावं. पूउवाई गावात कुणाला नेत नाहीत. म्हणजे माणूस नीइहाऊला जाऊन येतो आणि नीइहाऊचं एकही माणूस त्याला भेटत नाही. त्याला समुद्र दिसतो, काळीज दिसत नाही.

असं का झालं? एक अख्खं बेट, त्यावरच्या माणसांसकट, एका घराचं कसं झालं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

पूर्वी हवाईत जमीन कुणी विकत घ्यावी, कुणी विकावी, ही रीतच नव्हती. जमीन राजाच्या आणि सरदारांच्या हाताखाली असे, पण कसणारा कसत असे आणि किनाऱ्यावरचा मासा धरत असे. १७७८ साली कॅप्टन कुक हा इंग्रज दर्यावर्दी या बेटांवर आला. नीइहाऊवरून त्याच्या लोकांनी कंद आणि मीठ नेलं, आणि मागे शेळ्या, डुकरं आणि भोपळा-कांद्याचं बी ठेवलं. कोरड्या बेटावर शेळ्या मोकाट सुटल्या तर झाडोऱ्याचं काय होतं, हे शेळ्या राखणाऱ्या बाईला ठाऊक आहे. त्याहून वाईट म्हणजे जहाजांबरोबर रोग आले. गोवर, देवी, फ्लू या रोगांशी त्या लोकांची कधी गाठ पडलेली नव्हती. कुक आला तेव्हा हवाईत लाखांनी माणसं होती. शंभर वर्षांनी मूळच्या हवाई लोकांची संख्या ५० हजारांच्या आत आली.

१८४८ साली राजाने जमिनीची मोठी वाटणी केली. काही जमीन राजाकडे, काही सरदारांकडे, काही सरकारकडे गेली. दोन वर्षांनी, १८५० मध्ये, सामान्य माणसांसाठी कायदा झाला, की जी जमीन तुम्ही कसता तिच्यावर दावा सांगा, ती तुमच्या नावे होईल. ऐकायला किती चांगलं! पण दावा लिहून द्यायचा होता, साक्षीदार आणायचे होते, मोजणी करून घ्यायची होती. ज्यांच्या बापजाद्यांनी कधी कागद पाहिला नव्हता, त्यांना हे कुठून जमणार? परदेशी लोकांनाही त्याच सुमारास जमीन विकत घ्यायची मुभा मिळाली होती, आणि त्यांना कागद चांगला कळत होता. शेवटी कसणाऱ्या सामान्य लोकांच्या पदरात सगळ्या जमिनीच्या एक टक्काही पडला नाही.

त्या जमिनीसाठी त्यांच्या भाषेत शब्द आहे, 'कुलेआना'. त्याचा अर्थ हक्क, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ जबाबदारी. ज्या जमिनीची तुम्ही काळजी घेता तिच्यावर तुमचा हक्क, आणि जिच्यावर हक्क तिची काळजी तुमच्याकडे. भाषेत दोन्ही एकत्र होतं. कागदाने ते वेगळं केलं.

आता या हकिगतीत एक बाई येते. तिचं नाव एलिझाबेथ सिंक्लेअर. १८०० साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात जन्मलेली. नवऱ्याबरोबर आणि मुलांबरोबर ती १८४१ मध्ये न्यूझीलंडला गेली. तिथे १८४६ मध्ये नवरा आणि थोरला मुलगा शेतमाल घेऊन बोटीने निघाले, ते परत आलेच नाहीत. बोट बुडाली. पदरी लेकरं आणि हातात शेत. ही बाई खचली नाही. सतरा वर्षं तिने शेत सांभाळलं, वाढवलं. मग सगळं विकून, मुलं, जावई, नातवंडं घेऊन, स्वतःच्या जहाजातून नवी जमीन शोधायला निघाली. १८६३ मध्ये ते सगळे हवाईला पोचले. १८६४ च्या जानेवारीत तिच्या कुटुंबाने राजाकडून नीइहाऊ बेट विकत घेतलं. किंमत १० हजार डॉलर. तेव्हा बाईचं वय होतं ६३.

मैत्रिणींनो, इथे आम्हाला थांबावंसं वाटतं. एका बाजूने पाहिलं तर ही बाई कौतुकाची आहे. त्या काळातली विधवा, साठी उलटलेली, समुद्र ओलांडून सबंध गोतावळा घेऊन जाते आणि जमिनीचा व्यवहार करते. आपल्याकडच्या कितीतरी बायकांना आजही स्वतः कसत असलेल्या वावरावर नाव लावून घेण्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. पण दुसऱ्या बाजूने पाहिलं तर त्या बेटावर आधीच माणसं राहत होती. १८६० मध्ये त्यांची संख्या सहाशेच्या वर होती. त्यांत बायका होत्या, विधवा होत्या, लेकुरवाळ्या होत्या. त्यांच्यापैकी जवळजवळ कुणाच्याच नावाचा कागद नव्हता. एका बाईला जमीन मिळाली आणि त्याच सहीने शेकडो बायका स्वतःच्या गावात परक्या झाल्या. बाईच्या नावावर जमीन झाली म्हणजे सगळ्या बायकांचं भलं झालं, असं होत नाही. जमीन कुणाकडून आली, हेही विचारावं लागतं.

नव्या मालकांनी बेटावर मेंढ्या आणि गुरं आणली. लोक हळूहळू बेट सोडू लागले. १८७८ च्या मोजणीत दोनशेसुद्धा उरले नाहीत. गंमत म्हणजे सिंक्लेअर कुटुंबाने बेट पाहिलं ते चांगल्या पावसानंतर, सगळं हिरवंगार असताना. पुढच्या वर्षी कोरड्या बेटाचं खरं रूप दिसलं. मग त्यांनी काउआईवर आणखी जमीन घेतली आणि बाई तिकडेच राहायला गेली. १८९२ मध्ये ती वारली. बेट मात्र तिच्या मुलीच्या वंशातल्या रॉबिन्सन घराण्याकडे राहिलं आणि आजही आहे.

जे लोक मागे राहिले, त्यांत कलाइ नावाची एक विणकर बाई होती. नीइहाऊच्या तळ्यांकाठी मकालोआ नावाचं लव्हाळ्यासारखं गवत उगवायचं. तिथल्या बायका त्याच्या बारीक काड्यांपासून चटया विणत. त्या इतक्या मऊ असत, की लोक त्या अंथरीत आणि पांघरीतही. सगळ्या हवाईत नीइहाऊची चटई नावाजलेली होती. त्या काळी राज्यात जनावरांवर कर होता. गरिबाने जनावर बाळगायचं तरी कर भरायचा. कलाइने चटई विणायला घेतली आणि नक्षीच्या जागी अक्षरं विणली. राजाकडे गाऱ्हाणं, की हा कर काढा, लोकांवरचा भार हलका करा. महिनोन्‌महिने खपून विणलेली ती चटई १८७४ मध्ये राजा कलाकाउआकडे पोचली. अर्जाचा कागद फाटतो, फायलीत हरवतो. ही चटई होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आजही जपलेली आहे. आपण बायका गोधडी शिवतो, त्यात आपलं सुखदुःख शिवतो. पण थेट राजाला अर्ज विणून पाठवणारी बाई विरळाच. जमिनीच्या कागदावर तिचं नाव नसेल, पण ती अक्षरं कुणाला पुसता आली नाहीत.

पुढे हवाईवर मोठे घाव पडले. १८९३ मध्ये तिथल्या राणी लिलिउओकलानी यांना ऊसमळ्यांच्या आणि व्यापाराच्या मालकांनी अमेरिकन सैनिकांच्या आधाराने गादीवरून दूर केलं. १८९६ मध्ये शाळांची भाषा इंग्रजी करण्यात आली. शाळेत स्वतःची भाषा बोलली म्हणून मुलांना शिक्षा होऊ लागल्या. १८९८ मध्ये बेटं अमेरिकेत सामील करून घेतली गेली. एकेका घरातून आजीची भाषा नातवंडांपर्यंत पोचेनाशी झाली.

नीइहाऊवर मात्र वेगळं घडलं. १९१५ मध्ये मालकांनी बेट बाहेरच्यांसाठी बंद केलं. दारू नको, तंबाखू नको, बाहेरचे रोग नकोत, परवानगीशिवाय कुणी यायचं नाही. दार बंद झालं, आणि त्या बंद दारामागे भाषा टिकली. आज जिथे सगळं गाव घरात, अंगणात, प्रार्थनेत हवाई भाषाच बोलतं, असं बेट नीइहाऊच. इतर बेटांवर आता 'क' म्हणतात तिथे नीइहाऊच्या बोलीत पुष्कळ ठिकाणी जुना 'त' ऐकू येतो.

मग बंद दार चांगलं की वाईट? आम्ही यावर बराच खल केला. बाहेरचा बाजार आत घुसला नाही, हे खरं. मोठी हॉटेलं उभी राहिली नाहीत, किनारे विकले गेले नाहीत. राहणाऱ्यांकडून घरभाडं घेत नाहीत, हेही खरं. पण किल्ली गावकऱ्यांच्या हातात नाही. नियम मालकाचे. काम मालकाच्या गुरांच्या, मधाच्या आणि कोळशाच्या धंद्यात होतं. तो कोळसा किआवे झाडाचा, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीच्याच नात्यातल्या झाडाचा. हा पशुपालनाचा धंदा १९९९ मध्ये तोट्यामुळे बंद झाला, तेव्हा गावातल्या नोकऱ्याही गेल्या आणि अनेक घरं काउआईवर निघून गेली. छप्पर फुकट असलं तरी पायाखालची जमीन आपली नसेल, तर काम गेलं की माणूस उठतो. हे ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बहिणींना आम्ही काय सांगावं?

नीइहाऊच्या लोकांना स्वतःचं मत नव्हतं असं मात्र समजू नका. १९५९ मध्ये हवाईने अमेरिकेचं राज्य व्हावं का, यावर मतदान झालं. सगळीकडे 'हो' असा कौल पडला. राज्यातल्या साऱ्या मतदान केंद्रांत 'नको' म्हणणारं केंद्र एकच निघालं, ते नीइहाऊचं.

त्याआधी, १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी या बेटावर एक प्रसंग घडला, तोही ऐका. ७ डिसेंबरला जपानने हवाईतल्या पर्ल हार्बरवर हल्ला केला. हल्ल्यातलं एक विमान नादुरुस्त होऊन नीइहाऊवर कोसळलं. वैमानिक वाचला. गावकऱ्यांना युद्धाचा पत्ताच नव्हता. त्यांनी त्याला खाऊपिऊ घातलं. एकाने शहाणपणा करून त्याचं पिस्तूल आणि कागद तेवढे काढून घेतले. रात्री बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओवरून हल्ल्याची बातमी कळली. आम्ही रेडिओवाल्या, म्हणून हे आम्हाला विशेष वाटतं, की एका लहानशा रेडिओने बेटाला जगाची खबर दिली.

मालकाची नेहमीची बोट यायची होती, पण युद्धामुळे समुद्रावर बोटींना बंदी होती. दिवस गेले. वैमानिकाने बेटावर राहणाऱ्या हाराडा नावाच्या जपानी वंशाच्या माणसाची मदत मिळवली, बंदुका हस्तगत केल्या आणि गावाला धमकावलं. बायका-मुलं रात्री रानात, गुहांत लपली. काही पुरुष होडी वल्हवत दहा तासांनी काउआईला पोचले. इकडे १३ डिसेंबरला वैमानिकाने बेन कनाहेले आणि त्याची बायको एला या जोडप्याला ओलीस धरलं. दोघांनी संधी साधून त्याच्यावर झडप घातली. बेनला तीन गोळ्या लागल्या. तरी त्याने वैमानिकाला उचलून दगडी भिंतीवर आपटलं. एलाने दगड उचलून त्याच्या डोक्यात घातला. वैमानिक तिथेच मेला, हाराडाने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

बेन वाचला. सरकारने त्याला दोन पदकं दिली, आणि ती त्याच्या हक्काचीच होती. एलाला? एलाला काहीच मिळालं नाही. झडप दोघांची, जीव दोघांचा धोक्यात, पण कागदावर मर्दुमकी एकट्याची. आणि हाराडाची बायको आयरीन? ती अडीच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिली. आपण निर्दोष असल्याचं ती सांगत राहिली. तिच्यावर देशद्रोहाचा खटला कधी चाललाच नाही. एका बाईचं शौर्य नोंदलं गेलं नाही, दुसरीने नवऱ्याच्या करणीची किंमत मोजली.

आता पुन्हा किनाऱ्यावर येऊ, जिथे आजचे पाहुणे हेलिकॉप्टरमधून उतरून शिंपले वेचतात. ते शिंपले म्हणजे नीइहाऊचं सोनं. हिवाळ्यात मोठ्या लाटा आल्या की वाळूवर बारीक शिंपल्यांची रेघ उमटते. मोमी म्हणजे मोती, लाइकी म्हणजे तांदूळ, कारण ते तांदळाच्या दाण्यासारखे दिसतात. आणि सर्वांत चिमुकले ते काहेलेलानी. त्यातला गडद गुलाबी सर्वांत दुर्मीळ. बायका वाळूवर वाकून, पालथ्या पडून एकेक शिंपला बोटाने टिपतात. पुरुष आणि मुलंही हात लावतात. मग घरी आणून निवडणं आलं, आपण तांदूळ निवडतो तसं. रंगाला रंग, आकाराला आकार. फुटका काढायचा, आतली वाळू काढायची, अणकुचीदार आरीने भोक पाडायचं. त्यात कितीतरी फुटतात. उरतात ते दोऱ्यात ओवायचे. एका माळेत शेकडो शिंपले लागतात आणि मनासारखे रंग जमायला कधी कधी वर्षंही जातात. या माळेला ते 'लेइ' म्हणतात. चांगली लेइ हजारो डॉलरला विकली जाते. आज नीइहाऊच्या घरांत रोख पैसा येतो त्यात या माळांचा मोठा वाटा आहे.

नाव झालं की नक्कल येतेच. दुसरीकडचे शिंपले ओवून 'नीइहाऊची लेइ' म्हणून विकणारे निघाले. तेव्हा २००४ मध्ये हवाई राज्याने कायदा केला, की ते नाव खोट्या मालाला लावता येणार नाही. आपल्या पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तसंच काहीसं. जमिनीवर नाव नव्हतं, पण हातच्या कामावरचं नाव कायद्याने राखलं.

भाषेचंही असंच झालं. १९७८ मध्ये हवाई भाषेला राज्यभाषेचा दर्जा मिळाला. पण दर्जाने मुलं बोलू लागत नाहीत. म्हणून काही पालकांनी आणि शिक्षकांनी बालवाड्या सुरू केल्या, 'पूनाना लेओ' म्हणजे आवाजाचं घरटं. तिथे मुलांशी फक्त हवाईत बोलायचं. पहिली बालवाडी १९८४ मध्ये काउआईवरच्या केकाहा गावी सुरू झाली. त्या भागात नीइहाऊहून आलेली कुटुंबं राहतात. घरात कधीच न तुटलेली भाषा ज्यांच्या तोंडी होती, त्यांचं बोलणं आता साऱ्या राज्याला मोलाचं झालं होतं.

तर मैत्रिणींनो, नीइहाऊ बेट कुणाचं? कागद सांगेल, रॉबिन्सन घराण्याचं. कलाइची चटई, बायकांची लेइ आणि घराघरांतली भाषा वेगळं सांगेल. आमच्या मते दोन्ही साक्षी ऐकायला हव्यात, पण एकीवर विसंबून चालणार नाही. फक्त हातचं काम आणि तोंडची भाषा असून भागत नाही, कारण काम बंद पडलं तेव्हा घरं उठली. आणि फक्त कागद असून भागत नाही, कारण कागद असणाऱ्याला ते बेट 'काळीज' म्हणून ओळखता येत नाही.

पुढच्या महिन्यात गटाची बैठक बसेल तेव्हा तीन गोष्टी करून पाहा. आपल्यापैकी किती जणींचं नाव घराच्या उताऱ्यावर आणि सातबाऱ्यावर आहे, ते हात वर करून मोजा. आपल्या गावात कोणती कला फक्त दोन-चार म्हाताऱ्या हातांत उरली आहे, त्यांची नावं वहीत लिहा. आणि गावात घडलेल्या एखाद्या मोठ्या प्रसंगात पुरुषाचं नाव सांगतात पण शेजारी उभ्या असलेल्या बाईचं सांगत नाहीत, असं आठवतं का, ते विचारा. त्या एलाचं नाव शोधून आम्हाला कळवा. आपण ते रेडिओवर घेऊ.